घरचे सांडपाणी आणि खालच्या गावचे आरोग्य

गेल्या पंधरवड्यात एका गृहनिर्माण सोसायटीचे सचिव रक्तदाब तपासून घेण्यासाठी दवाखान्यात आले होते. तपासणी झाल्यावर त्यांनी पिशवीतून एक रंगीत माहितीपत्रक काढले. सांडपाणी शुद्ध करण्याचा एक नवा संच त्यांना कोणीतरी सुचवला होता. हिरव्या पाण्याची टाकी, तिच्या शेजारी पांढरी नळकांडी आणि शेवटी नळातून पडणारे नितळ पाणी, असे त्यावर चित्र होते.

"डॉक्टरसाहेब, शेवाळ आणि मेम्ब्रेनची पद्धत म्हणतात याला. पाणी पिण्याइतके स्वच्छ होते म्हणे. सभेपुढे विषय ठेवलाय. घ्यावा का?"

मी उलट विचारले, "आज तुमच्या सोसायटीचे सांडपाणी कुठे जाते?"

"ओढ्याला."

"आणि ओढा?"

ते हसून म्हणाले, "ओढा जाऊन जाऊन कुठे जाणार? कृष्णेला."

त्यांना दवाखान्यात पाच मिनिटांत जे सांगता आले नाही, ते आज या सदरातून सांगतो. प्रश्न एका सोसायटीचा नाही. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या प्रत्येक मोरीचा तो प्रश्न आहे.

वरच्याची मोरी, खालच्याचा नळ

आपली कृष्णामाई महाबळेश्वरी उगम पावते. वाईचे घाट ओलांडून ती माहुलीला येते, तेथे वेण्णा तिला मिळते. कराडला प्रीतिसंगमावर कोयना येऊन भेटते. पुढे भिलवडी, औदुंबर करीत नदी सांगलीला पोहोचते आणि हरिपूरला वारणेला पोटात घेऊन कर्नाटकाकडे जाते. या वाटेवरचे प्रत्येक गाव नदीतून पाणी घेते आणि त्याच नदीत सांडपाणी सोडते. वाईचे सांडपाणी कराडच्या वाट्याला, कराडचे सांगलीच्या. एवढेच नव्हे, टेंभू योजनेतून कृष्णेचे पाणी आटपाडीकडे जाते आणि म्हैसाळ योजनेतून कवठेमहांकाळ-जतकडे. म्हणजे नदीकाठी न राहणाराही यातून सुटत नाही.

पूर्वीही सांडपाणी होतेच, मग तेव्हा काही बिघडले नाही, असे पुष्कळ जण म्हणतात. पूर्वी माणशी दोन-तीन बादल्या पाणी लागे. आडाचे पाणी शेंदून आणायचे असल्याने ते जपून वापरले जाई आणि मोरीचे पाणी परसातल्या अळूला व केळीला जाई. आता शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी द्यावे असे प्रमाण धरतात. त्यातले सुमारे ऐंशी टक्के पाणी घाण होऊन घराबाहेर पडते. पाच माणसांच्या घरातून रोज साधारण ५४० लिटर, म्हणजे अडीच-पावणेतीन पिंपे सांडपाणी निघते. त्यात साबण, सोडा, तेल आणि संडासाचे पाणी मिसळलेले असते. एवढे पचवण्याची ताकद अळूच्या वाफ्यात नाही आणि उन्हाळ्यात आटलेल्या नदीतही नाही.

याचे मोल कोण देते? माझ्या दवाखान्यातले एक उदाहरण सांगतो. काही वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात एकाच गल्लीतून काविळीचे रुग्ण येऊ लागले. त्यात सातव्या महिन्यातली एक गर्भवती होती. गल्लीतली नळाची जुनी पाइप गटारातून गेलेली होती. पाणी सुटले की तिच्यातून पाणी बाहेर गळे आणि पाणी बंद झाले की पोकळी होऊन तीच पाइप गटार आत ओढून घेई. बाई मोठ्या कष्टाने वाचल्या, मूल वाचले नाही. मोरीच्या पाण्याचा विषय निघाला की मला अजून ती माउली आठवते.

या काविळीला 'ई' प्रकारची कावीळ म्हणतात. विष्ठेतून पाण्यात आणि पाण्यातून पोटात, हा तिचा मार्ग. एरवी ती बहुधा आपोआप बरी होते, पण दिवस भरत आलेल्या स्त्रियांत तिच्यामुळे शेकडा वीसपर्यंत मृत्यू होऊ शकतात. दिल्लीत १९५५-५६ साली यमुनेतून पाणी उचलण्याच्या जागी सांडपाणी शिरले आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. आपल्या शेजारी कोल्हापुरात १९८१ साली पाण्यातून काविळीची मोठी साथ आली, तिचा अभ्यास पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने केला. २०१२ साली इचलकरंजीने तेच दुःख भोगले. विषमज्वर, हगवण, जंत यांची वाटही हीच आहे. तेव्हा सांडपाण्याचा प्रश्न हा आधी आरोग्याचा प्रश्न आहे.

शेवाळ काय करते?

आता त्या माहितीपत्रकाकडे वळू. त्यात सांगितलेले तत्त्व खोटे नाही आणि तसे नवीनही नाही.

सांडपाण्यात दोन प्रकारची घाण असते. एक डोळ्यांना दिसणारी वा पाण्यात तरंगणारी, दुसरी विरघळलेली. अन्नाचे कण, मळ, विष्ठा यांना पाण्यातले जिवाणू खाऊन संपवतात, पण त्यासाठी त्यांना प्राणवायू लागतो. पाण्यातला प्राणवायू संपला की पाणी सडते, काळे पडते, घाण वास मारते आणि मासे मरतात.

येथे शेवाळ मदतीला येते. आपण जे सूक्ष्म शेवाळ म्हणतो, त्याचा एक एक कण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान असतो. कोट्यवधी कण झाले की पाणी हिरवे दिसते. हे शेवाळ उन्हात प्राणवायू सोडते, तो जिवाणूंना मिळतो. जिवाणू कर्बवायू सोडतात, तो शेवाळाला मिळतो. शिवाय सांडपाण्यातले विरघळलेले नत्र आणि स्फुरद शेवाळ स्वतःच्या वाढीसाठी खाऊन टाकते. शेतकरी बंधूंना हे सहज कळेल. जे खत पिकाला लागते, तेच शेवाळाला लागते. भर उन्हात शेवाळ जोरात वाढू लागले की पाण्याचा अल्कधर्म वाढतो. ते आणि ऊन मिळून रोगजंतूंचा बराच नाश करतात.

कॅलिफोर्निया विद्यापीठात विल्यम ऑस्वाल्ड यांनी १९५० च्या दशकात यावर मोठे काम केले आणि गुडघ्याहूनही उथळ, हळूहळू फिरत्या पाण्याच्या तळ्यांची पद्धत बसवली. आपल्या देशात कोलकात्याच्या पूर्वेकडील पाणथळ तळ्यांत शहराचे सांडपाणी ऊन आणि शेवाळ यांच्या जोरावर निवते आणि त्यावर मासे पोसले जातात. आपल्याकडच्या नगरपालिकांनी बांधलेले 'ऑक्सिडेशन पाँड' हेही मुळात शेवाळाचेच कारखाने.

मग उणीव कोठे आहे? शेवाळ पाणी साफ करते, पण स्वतः पाण्यातच राहते. ते हिरवे पाणी तसेच नदीत सोडले तर पुढे शेवाळ मरते, सडते आणि पुन्हा प्राणवायू खाते. घर झाडून केर शेजाऱ्याच्या दारात लोटावा, तसा हा प्रकार. एवढे बारीक शेवाळ फडक्याने गाळता येत नाही आणि ते लवकर तळाशीही बसत नाही.

मेम्ब्रेन काय करते?

त्यासाठी हे मेम्ब्रेन, म्हणजे गाळण्याचे अतिसूक्ष्म छिद्रांचे पटल. बहुतेक वेळा ते शेवयांसारख्या पोकळ नळ्यांच्या जुडग्याच्या रूपात असते. त्याची छिद्रे किती बारीक? एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर एक भाग म्हणजे एक मायक्रॉन. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, जिवाणू सुमारे एक मायक्रॉनचा, आणि या पटलाची छिद्रे ०.०१ ते ०.१ मायक्रॉन. त्यामुळे शेवाळ, गाळ, जंतांची अंडी, जिवाणू सारे अलीकडे अडते आणि पलीकडे नितळ पाणी येते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही पिण्याच्या पाण्यासाठी अशा पटलांवर काम झालेले आहे.

परंतु नितळ म्हणजे निर्धोक नव्हे, हे वाचकांनी पक्के लक्षात ठेवावे. 'ई' काविळीचा विषाणू सुमारे ०.०३ मायक्रॉनचा असतो. पटलाची छिद्रे त्याहून मोठी असली वा एखादी नळी तुटली, तर तो सुखरूप पलीकडे जातो. विरघळलेले क्षार, साबणातली रसायने, आपण खाल्लेल्या औषधांचे अंशही या पटलातून पार होतात. म्हणून सचिवांच्या पत्रकातले 'पिण्याइतके स्वच्छ' हे शब्द मला मान्य नाहीत. सिंगापूरने २००३ पासून सांडपाण्यापासून उच्च प्रतीचे पाणी बनवले आहे, हे खरे. पण तेथे एकापुढे एक अशा अनेक पायऱ्या आहेत आणि पाण्याची सतत तपासणी होते. आपल्या सोसायटीच्या जिन्याखालच्या संचाची त्याच्याशी बरोबरी करू नये.

थोडक्यात, विरघळलेली घाण शेवाळाने खावी आणि शेवाळासकट उरलेली घाण पटलाने अडवावी, अशी ही जोडी आहे. एकाचे उणे दुसरा भरून काढतो. कल्पना उत्तम आहे. आता ती आपल्या अंगणात बसते का, ते पाहू.

जागेचा हिशेब

शेवाळाला ऊन हवे, म्हणून तळे उथळ हवे. पाणी साधारण सहा दिवस तळ्यात राहावे आणि खोली एक फूट असावी, असे धरून ढोबळ हिशेब करू. पाच माणसांच्या घराला सुमारे ११५ चौरस फूट उघडी जागा लागेल, म्हणजे एका चांगल्या खोलीएवढी. पन्नास बिऱ्हाडांच्या सोसायटीला सव्वापाच गुंठे लागतील. शहरात सव्वापाच गुंठ्यांचा भाव काय आहे, हे सांगायला नको.

खेड्यात मात्र हाच हिशेब वेगळा येतो. दोन हजार वस्तीच्या गावात माणशी ५५ लिटर पाणी धरले, तर सगळ्या गावाचे सांडपाणी निवायला साडेसतरा गुंठे पुरतात. अर्ध्या एकराहून कमी! माण, खटाव, आटपाडी, जत या तालुक्यांत ऊन भरपूर, पाण्याची ओढ आणि माळरानही आहे. शेवाळाची शेती तेथे नांदेल. महाबळेश्वर-पाटणच्या बाजूला पावसाळ्याचे तीन-चार महिने सूर्यदर्शन दुर्मिळ, तेथे शेवाळ मंदावणार. नदीकाठी बांधायचे तर पूररेषेच्या वर बांधावे. २०१९ आणि २०२१ चा पूर पाहिलेल्या सांगलीकरांना याचे कारण सांगायला नको.

किल्ली कोणाकडे?

माझ्या मते खरा प्रश्न तंत्राचा नाही, राखणीचा आहे.

सांगलीचा शेरीनाला सर्वांना ठाऊक आहे. शहराचे सांडपाणी घेऊन हा नाला कृष्णेला मिळतो. कराड आणि सांगली ही दोन्ही गावे राष्ट्रीय नदी संवर्धन योजनेत आली. शेरीनाल्याचे पाणी उपसून धुळगावच्या माळावर न्यायचे, तेथे तळ्यांत निववायचे आणि शेतीला द्यायचे, अशी योजना झाली. कल्पनेत खोट काढायला जागा नाही. नदीची घाण टळते आणि कोरड्या रानाला पाणी मिळते. पण पंप थांबले की नाला पुन्हा नदीच्या वाटेला लागतो, हे सांगलीकरांनी अनेकदा पाहिले आहे. नाल्याला सुट्टी नसते, म्हणून पंपालाही असता कामा नये. वीजबिल, दुरुस्ती, सुटे भाग आणि रात्री-अपरात्री धावणारा माणूस, यांवर कोणत्याही योजनेचे आयुष्य ठरते.

मेम्ब्रेनच्या बाबतीत तर हे दुपटीने खरे. पटलावर शेवाळाचा आणि चिकट मळाचा थर बसतो. ते ठरल्या वेळी उलट्या पाण्याने धुवावे लागते, अधूनमधून औषधाने साफ करावे लागते आणि काही वर्षांनी बदलावे लागते. शेवाळ वेळच्या वेळी काढले नाही तर तळे सडते. एका सोसायटीत मी स्वतः पाहिले आहे. बिल्डरने बांधून दिलेला सांडपाण्याचा संच बंद पडलेला, खोलीला कुलूप, आत गणपतीच्या मंडपाचे बांबू. विजेचा खर्च वाचला म्हणून सभासद खूष होते. पाणी मात्र निमूटपणे ओढ्यात चालले होते.

ज्या घरात पिण्याच्या पाण्याच्या फिल्टरची मेणबत्ती वर्षानुवर्षे घासली जात नाही, त्या घराला मेम्ब्रेनचा संच विकणे म्हणजे ज्याला सायकलची चेन बसवता येत नाही त्याला मोटार देणे.

यावर कोणी म्हणेल, मग काहीच करू नये का? तसे मुळीच नाही. शेवाळाचे तळे आणि पटल ही जोडी एका घराची नव्हे, वाडीची, गावाची किंवा मोठ्या वसाहतीची गोष्ट आहे. तेथे ती जरूर करावी, पण संच घेण्याआधी माणूस नेमावा. त्याला शिकवावे, त्याचा पगार पाणीपट्टीत धरावा आणि पाण्याची तपासणी दर महिन्याला करून निकाल फलकावर लावावा. हे नसेल तर सर्वांत भारी यंत्रही गंजणारच.

या सोसायटीने आणि आपण काय करावे?

सचिवांना मी आता असे सांगेन. पहिली गोष्ट, न्हाणी-धुण्याचे पाणी आणि संडासाचे पाणी वेगळे करा. दोन्ही एकत्र केले की सगळेच संडासाचे पाणी होते. दुसरी, संच विकणाऱ्याला किंमत विचारण्याआधी विचारा की पाच वर्षे कोण चालवणार, पटल बदलायला किती खर्च येणार, आणि वीज नसताना काय होणार. याची लेखी उत्तरे घ्या. जेथे असा संच दोन पावसाळे चालला आहे, तेथे जाऊन नाकाने वास घ्या. तिसरी, तळ्यातून निघालेले पाणी संडासाला, झाडांना आणि फुलबागेला वापरा. कोथिंबीर, मुळा, काकडी अशा कच्च्या खाण्याच्या भाज्यांना ते घालू नका. निघालेले शेवाळ वाळवून झाडांच्या खतात घाला, गुरांना चारू नका. स्पिरुलिनाच्या गोळ्यांबद्दल वाचून कोणाच्या मनात काही येईल म्हणून सांगतो, ते शेवाळ स्वच्छ पाण्यात मुद्दाम वाढवलेले असते. सांडपाण्यावरचे शेवाळ ही खाण्याची वस्तू नव्हे.

चौथी गोष्ट डासांची. साचलेल्या घाण पाण्यात क्युलेक्स डास होतो, तो हत्तीरोग पसरवतो. साठवलेल्या स्वच्छ पाण्यात एडिस होतो, तो डेंग्यू पसरवतो. म्हणून तळ्यातले पाणी हलते असावे आणि शुद्ध पाण्याच्या टाकीला घट्ट झाकण असावे. नाही तर कावीळ घालवून डेंग्यू आणल्यासारखे होईल.

ज्यांचे एकटे घर आहे आणि भोवती थोडी जागा आहे, त्यांना या संचाची गरजच नाही. मोरीचे पाणी शोषखड्ड्यात वा परसबागेत जिरवावे. आपल्याच तासगाव तालुक्यातले आर. आर. पाटील ग्रामविकासमंत्री असताना २००० साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले, तेव्हा गावोगावी असे खड्डे झाले होते. त्यांतले कित्येक आज गाळाने भरले आहेत. ते उपसून पुन्हा चालू करावेत. खड्डा विहिरीपासून व कूपनलिकेपासून दूर असावा. सेप्टिक टँकच्या गॅसपाइपला जाळी बांधावी आणि टाकी दोन-तीन वर्षांनी यंत्राने उपसून घ्यावी. तिच्यात माणूस उतरवणे हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि आतल्या विषारी वायूने जीवही जातो. फिनेल आणि ॲसिड मोरीत ओतण्याचा हात आखडता घ्यावा, कारण घाण खाणारे जिवाणू आणि शेवाळ दोन्ही त्याने मरतात. उष्टे आणि तळणाचे तेल मोरीत टाकू नये. हे सगळे होईपर्यंत पिण्याचे पाणी उकळूनच प्यावे. पावसाळ्यात आणि नळाला गढूळ पाणी आले तर हा नियम मोडूच नये. घरात कोणी गर्भवती असेल तर तिच्यासाठी तरी हा आळस करू नये.

मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ कृष्णेत मासे मरून वर आले, तेव्हा काठावर बघ्यांची गर्दी झाली होती. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवत होता. कारखान्यांचा दोष असेल तेथे कायद्याने बघावे. पण आपल्या मोरीला तोंड फुटले असते, तर तिनेही काही सांगितले असते.

सकाळी नदीवर गेल्यावर आपण ओंजळीत पाणी घेऊन कृष्णामाईला हात जोडतो. तेच पाणी खालच्या गावात कोणाच्या तरी माठात जाणार आहे, एवढे मनात ठेवले तरी पुष्कळ झाले. सचिवमहाशय, सभेत संचाचा ठराव जरूर मांडा. मात्र त्याच ठरावात त्या खोलीची किल्ली कोणाकडे राहील, त्या माणसाचे नाव आणि त्याचा पगारही लिहा.